अक्कांचा होकार

माझ्या आकडसासूइतकी भांडखोर बाई अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल, आणि हे मी पुण्याबद्दल पूर्ण आदर राखून म्हणतो. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत त्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. सरकारी कागदावर याला 'बधिरांध' असा शब्द आहे. अक्कांचं त्यावर म्हणणं, "शब्द चांगला आहे, फक्त एखाद्या राक्षसाचं नाव वाटतं." कान लहानपणापासूनच अधू होते, संध्याकाळ झाली की दिसायचं नाही, आणि चाळिशी गाठेपर्यंत दोन्ही दिवे मालवले. बोलणं मात्र शाबूत राहिलं. किती शाबूत, तर खालून त्यांनी "चहा झाला का?" असं विचारलं की आमच्या मजल्यावरची सगळी घरं "झाला" म्हणून सांगतात. त्यांना ते ऐकू येत नाही हे माहीत असूनही सांगतात. त्या आवाजाला उत्तर न देता बसवत नाही.

अक्कांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या डाव्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. शिरोरेषा द्यायची नाही, वेळ जातो. वाक्य संपलं की तळहात पाटी पुसावी तसा पुसायचा. शिवाय खुणा आहेत. भोवतालची माणसं हसली की अक्कांच्या दंडावर बोटं नाचवायची, कुणी उठून गेलं की करंगळी ओढायची, चहा आला की मुठीवर मूठ ठेवायची. या खुणा त्यांनी स्वतः ठरवल्या, आणि त्यांचं मूळ मार्केट यार्डात आहे. माझे सासरे तिथे गुळाचे अडते होते. त्या काळी भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव सांगायचे. आजूबाजूला घोळका उभा असायचा, पण कुणाला पत्ता लागायचा नाही. कानाने अधू असलेली ही पोर शाळा सुटली की गाळ्यावर येऊन बसायची. सासऱ्यांनी एकदा गंमत म्हणून तिला रुमालाखाली हात घालू दिला, आणि नंतर तो काढून घेणं त्यांना जमलं नाही. पोर भाव पाडायला लागली. अक्का म्हणतात, "तोंडाला खोटं बोलायची सवय असते हो, बोटांना तेवढी अक्कल नसते." अजूनही महिन्यातून एकदा त्या मला घेऊन यार्डात जातात. सुक्या मेव्याच्या गाळ्यावर एक म्हातारे चाचा बसतात, सासऱ्यांच्या ओळखीचे. ते अक्कांना पाहिलं की खिशातला रुमाल काढतात आणि दोघं पावशेर खारकांसाठी लाखाचा सौदा असल्यासारखी हुज्जत घालतात. चाचा हरले की कपाळावर हात मारून घेतात. पण मारून घेतलेला अक्कांना दिसणार कसा? म्हणून ते अक्कांचाच हात धरून तो स्वतःच्या कपाळावर मारतात.

अशा बाईंना लोक सत्काराला बोलावतात, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा छळ आहे. दरवर्षी कुणीतरी येतं आणि म्हणतं, ताई, तुमच्याकडून आम्हाला प्रेरणा घ्यायची आहे. पूर्वी अक्का जायच्या. एकदा असं झालं की मंचावर कुणा मान्यवरांनी मागून येऊन अंगावर शाल टाकली. ना सूचना, ना स्पर्श. अक्कांनी त्यांचं मनगट पकडलं, घट्ट पकडलं, आणि माइकसमोरच विचारलं, "कोण आहात? आधी हात द्या, मग शाल द्या." मान्यवर घाबरले. मे महिना होता. अक्का पुढे म्हणाल्या, "आणि या दिवसांत शाल देणाऱ्या माणसाने माझ्या डोळ्यांची काळजी सोडावी, स्वतःच्या डोक्याची करावी." त्या शाली आता अक्कांच्या घरात सगळीकडे आहेत. शिवणयंत्रावर शाल आहे, कूलरवर आहे, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवरसुद्धा आहे. आमच्या बिबवेवाडीत एवढा सन्मान मिळालेला दुसरा सिलिंडर नसेल. यापुढे सत्कार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. "मला काही विचारायचं असेल तर बोलवा. ऐकवायचं असेल तर बोलावू नका, कारण ते मला जमत नाही."

आणि गंमत म्हणजे एका सरकारी कचेरीने खरंच विचारायला बोलावलं. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. दिव्यांगांच्या सोयींसाठी तिथे एक सल्लागार समिती नेमली होती आणि तिच्यात अक्का सदस्य झाल्या. पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी, गोड बोलणारे एक साहेब होते, त्यांना कौतुकाने दारापाशी नेलं. तिथे ब्रेलमध्ये कचेरीचा नकाशा लावला होता, आणि खराब होऊ नये म्हणून वरून काच बसवली होती. अक्कांनी काचेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाल्या, "पुसलेली आहे. छान." नंतर अभियंत्यांनी आग लागली तर काय, याची योजना सांगितली: ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लाल दिवा, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी घंटा. मी ते तळहातावर लिहिलं. अक्का थोडा वेळ थांबल्या, आणखी काही येतं का म्हणून. मग म्हणाल्या, "आणि मी? मी आगीत बसून चहा संपवू?"

नुसतं टोचून त्या थांबत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्यासारख्या माणसांचा एक ग्रुप आहे. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, कुठकुठली माणसं. सगळ्यांकडे मोबाइलला जोडायचं ब्रेलचं छोटं यंत्र आहे, त्यावर टिंबं वरखाली होतात आणि बोटांना निरोप वाचता येतो. त्या ग्रुपवर जी भांडणं चालतात ती पाहून मला आमच्या गल्लीतली माणसं संत वाटतात. पण भांडून भांडून ते शेवटी एका गोष्टीवर येतात, आणि अक्का ती समितीत मांडतात. आगीसाठी त्यांनी मनगटावर थरथरणारं यंत्र मागितलं, आणि ते बिघडलं तर काय म्हणून एक खूण सुचवली. पाठीवर बोटाने मोठी फुली काढायची. फुली आली की काहीएक न विचारता माणसाने उठायचं आणि हात धरून चालायला लागायचं. नुसतं सुचवून काय उपयोग, म्हणून सगळ्या समितीकडून त्याची तालीम करून घेतली. अध्यक्षांनी अक्कांच्या पाठीवर इतक्या अदबीने फुली काढली की अक्का म्हणाल्या, "साहेब, आग लागलीय. रांगोळी नका काढू."

समितीला त्यांनी शिस्तही लावली. एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी आपलं नाव सांगायचं, आणि मान हलवलेली धरली जाणार नाही. "मान हलवलेली मला पोचत नाही. तोंडाने नाही म्हणा, म्हणजे भांडता तरी येईल." हळूहळू सगळ्यांना सवय लागली. एक सदस्य तर शिपायाला चहा सांगतानासुद्धा आधी स्वतःचं नाव सांगायला लागले. आणि या सगळ्यात अक्कांच्या शेजारी, त्यांचा तळहात मांडीवर घेऊन, मी बसलेला असायचो. बैठकीच्या दिवशी बुधवार पेठेतलं माझं वह्या-पुस्तकांचं दुकान बंद. जगात काय चाललंय ते अक्कांना माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीतून कळायचं.

आता त्या तर्जनीबद्दल सांगतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. दुकानात गिऱ्हाइकाला एका शब्दात 'नाही' सांगण्याचं शिक्षण पुण्यात वेगळं घ्यावं लागत नाही, पण मला ते जरा जास्तच लाभलं. त्यामुळे लोकांचं लांबण लावलेलं बोलणं माझ्या बोटातून आपोआप आखूड व्हायचं. साहेब चहा गार होईपर्यंत बोलले तरी अक्कांच्या तळहातावर दीड ओळ उतरायची. इथपर्यंत ते आळसात जमा झालं असतं. पण मी गाळायलाही लागलो होतो. एका लग्नात पंगतीत मागून एक बाई म्हणाल्या, "बिचारी! याच्यापेक्षा देवाने उचललेलं बरं." अक्कांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी क्षणभर थांबलो आणि लिहिलं, "तुमच्या साडीचा रंग छान आहे." जांभळी साडी होती. अक्का खूश झाल्या. त्यानंतर प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला अक्का तीच साडी नेसायला लागल्या. विटली तरी नेसायच्या. बायको म्हणायची, "अक्काला काय झालंय, एकच साडी घेऊन बसलीय!" मी गप्प. मी नेहमीच गप्प असतो, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

मला ही माया वाटायची. समितीत अक्का बोलत असताना कुणी मोबाइलमध्ये बघत असलं तर मी लिहायचो, लक्ष देऊन ऐकतायत. कुणी जांभई दिली तर काहीच लिहायचो नाही. कुणी अक्कांच्या मोठ्या आवाजाला हसलं तर दंडावर बोटं नाचवायची खूण करायचो नाही. अक्का कडक काही बोलल्या की समोरचा चिडायचा, पण त्याची चीड माझ्यापर्यंत येऊन थांबायची. पुढे पुढे मला याचा थोडा अभिमानही वाटायला लागला. वाटायचं, मी मध्ये आहे म्हणून हे सगळं सुरळीत चाललंय.

मग त्या समितीत एक मसुदा आला. बधिरांध माणसाला दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, बैठकीत मदतनीस कोण असावा, याचे नियम. त्यात एक कलम होतं की कुटुंबातली व्यक्ती सोबत असेल तर ती मदतनीस म्हणून पुरेशी मानावी, वेगळा प्रशिक्षित दुभाषी देण्याची गरज नाही. हे कलम अक्कांच्या डोक्यात गेलं होतं. त्यांच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नाशिकच्या एका बाईंना दवाखान्यात आजार काय आहे ते नवऱ्याने सांगितलंच नव्हतं, तिला धक्का बसेल म्हणून. एका गृहस्थांची सही भावाने कुठे घेतली ते त्यांना नंतर कळलं. अक्का मला म्हणाल्या, "या कलमावर मी त्यांना सोलून काढणार आहे. घरचा माणूस पुरे म्हणे! घरचा माणूस असला की आपला स्वतःचा असा कोपरा राहत नाही." मी तळहातावर 'बरं' लिहिलं. पण खरं सांगतो, मला लागलं. घरचा माणूस म्हणजे मीच की. एवढी वर्षं दुकान बंद ठेवून बसलो, त्याचं हे.

त्या दिवशी बैठक लांबली. जेवणाची वेळ उलटून गेली होती, बाहेर डबे उघडल्याचा वास येत होता. माझं बोट अजून मागच्याच मुद्द्यावर असताना अध्यक्षांनी ते कलम भरभर वाचलं आणि अक्कांकडे न बघता माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "याचं तर आपल्यासमोर उदाहरणच आहे. भाऊसाहेब आहेत म्हणून ताईंचं सगळं सुरळीत चाललंय. अशी माणसं घरोघरी असताना बाहेरचा दुभाषी कशाला? ताईंची हरकत नसावी, काय भाऊसाहेब?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कौतुकाने. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. इतक्या बैठकांत माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी खुर्चीसारखा होतो, खुर्चीकडे कोण बघतं? टेबलाची थरथर जाणवली असावी, अक्कांनी विचारलं, "काय चाललंय?"

माझं बोट त्यांच्या तळहातावर होतं. मला फक्त लिहायचं होतं. मी लिहिलं, "जेवणाची सुट्टी होतेय." आणि तोंडाने म्हणालो, "हरकत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "सल्लागारांची संमती आहे." कलम मंजूर झालं. आम्ही जेवायला उठलो. अक्कांनी डब्यातली मेथीची भाजी मला वाढली आणि म्हणाल्या, "आता पुढच्या खेपेला येणार ते घरच्या माणसाचं कलम. तयारीत राहा."

पुढचे कितीतरी दिवस अक्का त्या भाषणाची तयारी करत होत्या. खालून आवाज यायचा, "अध्यक्ष महाराज, घर म्हणजे काय?" आणि आमचा सगळा मजला कान देऊन ऐकायचा. शेजारचे काका मला म्हणाले, "अहो, परवाचा मुद्दा जास्त धारदार होता." मला जेवण जाईना. बायकोला वाटलं, पित्त. अक्का ज्या कलमाशी झुंजायला कंबर कसत होत्या, ते त्यांच्याच होकाराने मंजूर झालेलं होतं, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या उभ्या राहून बोलल्या असत्या, समितीने एकमेकांकडे पाहिलं असतं, अध्यक्ष गोड हसून म्हणाले असते, ताई, आपणच तर हो म्हणालात. आणि तेही मी गाळलं असतं.

एका रविवारी सकाळी अक्का गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांचा हात परातीतून काढून घेतला. त्या म्हणाल्या, "तुमचं बोट गार पडलंय, जावईबापू. कोण गेलं?"

मी लिहिलं, कुणी नाही. मग सगळं लिहिलं. त्या दिवशी शिरोरेषा दिल्या की काय कोण जाणे, फार वेळ लागला. लिहिताना एक-दोनदा थांबलो तेव्हा अक्कांनी हात मागे घेतला नाही. शेवटी मी तळहात पुसला. खाली भाजीवाला ओरडत होता.

"म्हणजे मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. चक्क हळू आवाजात.

"मी म्हटलं. तुमच्या नावाने," मी लिहिलं.

"का?"

लिहायला सोपं नव्हतं. "सगळे माझ्याकडे बघत होते. बरं वाटलं."

अक्कांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आणखी काय काय?"

मी सांगितलं. मोबाइल, जांभया, न सांगितलेलं हसू, आखूड केलेली भाषणं. आठवेल तसं लिहीत गेलो. त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा. साडीचं?"

मी काही लिहिलं नाही. बोट नुसतंच तळहातावर राहिलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"साडीचंही," अक्का म्हणाल्या. परातीतला एक मटार उचलून त्यांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला. "मला वाटायचंच हो. मला ऐकू येत होतं तोवरचं पुणं मी पाहिलंय. हे एवढं गोड कधी झालं? तुम्ही माझ्यासाठी वेगळंच पुणं बांधलंत. सगळे लक्ष देऊन ऐकणारे, कुणी जांभई न देणारे. अहो, अशा गावात भांडायचं तरी कुणाशी?"

मी लिहिलं, "माफ करा."

"ते नंतर बघू. पुढच्या बैठकीला चला आणि हे सगळं तिथे सांगा. तोंडाने, मोठ्याने."

"मी?"

"मग काय मी? मला कुठे काय माहीत होतं!"

बायकोला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली आणि मग अक्कांवर चिडली. खाली जाऊन तिने अक्कांच्या हातावर रागाने लिहिलं, घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला? अक्का म्हणाल्या, "घरातली आहे म्हणूनच न्यायची. कचेरीने कलमात घर घातलंय."

पुढच्या बैठकीला अक्कांच्या शेजारी मी नव्हतो. ग्रुपवरच्या कुणीतरी कळवलेल्या एक दुभाषी बाई आल्या होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या, शांत चेहऱ्याच्या, हे काम रीतसर शिकलेल्या. त्यांची बोटं माझ्या बोटाच्या दुप्पट वेगाने चालत होती आणि काहीही गाळत नव्हती. अध्यक्षांनी अक्कांना पाहून नुसता बारीक उसासा टाकला, तर अक्का लगेच म्हणाल्या, "उसासा का टाकलात, साहेब?" साहेब दचकून सरळ बसले. त्यांचा उसासा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठिकाणावर पोचला होता. सगळ्या टेबलावर खळबळ उडाली. मोबाइल खिशात गेले. एका सदस्यांनी जांभई अर्ध्यात गिळली, तीसुद्धा अक्कांना कळली असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मग अक्कांनी मला उभं केलं. मी आधी माझं नाव सांगितलं, नियमाप्रमाणे. आणि सगळं सांगितलं. ऐकणाऱ्या माणसांसमोर मी एवढं सलग आयुष्यात बोललो नव्हतो. समोर दुभाषी बाईंची बोटं माझा शब्द न् शब्द अक्कांच्या हातात घालत होती. माझा आवाज कुठे फुटला, तेही बहुतेक त्यांनी कळवलं, कारण तिथे अक्कांनी मान जरा खाली घातली. मी बसल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, भाऊसाहेबांचा हेतू वाईट नव्हता. एवढ्या एका गोष्टीवरून..."

"हेतू चांगलाच होता," अक्का म्हणाल्या. "हे आमचे जावई. यांच्याइतका चांगला घरचा माणूस तुम्हाला शोधून मिळायचा नाही. चांगला आहे म्हणूनच तो गाळतो. वाईट माणसाला एवढे कष्ट कोणी सांगितलेत? तुमचं कलम म्हणतं, घरचा माणूस पुरे. हा बघा घरचा माणूस. याने माझ्या नावाने हो म्हटलं, तुम्ही लिहून घेतलं, आणि तुमच्यापैकी एकालाही माझ्याकडे वळून विचारावंसं वाटलं नाही. चूक एकट्या यांची नाही. तुम्ही प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलात."

कुणी काही बोललं नाही. दुभाषी बाईंनी तेही कळवलं असणार. अक्का म्हणाल्या, "गप्प बसलेलं धरलं जाणार नाही. नाव सांगा आणि बोला."

मग अध्यक्षांनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "कलम पुन्हा चर्चेला घेऊ." त्यानंतर दोन बैठकांत भांडण झालं. या वेळी समोरच्यांची चीड अक्कांपर्यंत पोचत होती आणि अक्का फुलत होत्या. कलम बदललं. मदतनीस कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, प्रशिक्षित दुभाषी कचेरीने द्यायचा, घरच्या माणसावर तो भार टाकायचा नाही, आणि प्रश्न नेहमी त्या माणसालाच विचारायचा. निदान मसुद्यात तरी असं आहे. प्रत्यक्षात काय होतंय ते अक्का बघतील.

मी आता बैठकीला जातो तो रिक्षाने सोडायला आणि घ्यायला. बाहेर बाकावर बसतो. तिथे आणखीही काही घरची माणसं असतात, कुणाची आई, कुणाचा नवरा. सगळ्यांचे हात मोकळे. आम्ही फारसं बोलत नाही. अक्कांनी मला माफ केलं की नाही हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. घरी त्या पूर्वीसारखाच हात पुढे करतात, मी भाजीचा भाव लिहितो, बायकोचा राग जसाच्या तसा लिहितो, आणि त्या दुप्पट मोठ्याने भांडतात. जांभळी साडी कुठे दिसत नाही. कचेरीचं मात्र काही माझ्या बोटातून जात नाही.

परवा बाकावर बसलो असताना आतून सगळे हसले. क्षणभराने अक्का हसल्या. हातातून पोचायला तेवढा वेळ लागतो, म्हणून त्यांचं हसू नेहमी एकटं, मागून येतं. इतक्या मोठ्याने त्यांना हसताना मी ऐकलं नव्हतं. मी नकळत बाकाच्या कडेवर सरकलो. दार बंद होतं.

बाहेर आल्यावर दुभाषी बाईंना विचारलं, "काय झालं हो आत?"

"आतलं बाहेर नाही सांगत जी मी," त्या म्हणाल्या. अगदी सौम्यपणे.

अक्कांचा हात धरून जिना उतरलो. खाली त्यांच्या तळहातावर लिहिलं, "कशाला हसलात?"

"आमचं होतं काहीतरी," अक्का म्हणाल्या, आणि हात पुसून घेतला.

रिक्षात त्या पुन्हा आपल्याशीच हसल्या. ओठ दाबून धरले तरी हसू सुटत होतं. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं हो ताईंना?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.